आचाऱ्याच्या कोटाला पाच घड्या

"बाबा, तुम्ही खरे सैनिक आहात, की नुसतेच आचारी?"

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, प्रश्न मैत्रिणींचा. मधल्या सुट्टीत तो तयार झाला आणि मी तो विचारून दाखवावा अशी पैज लागली. आमच्या गटात एक बातमीदार आहे. खरं नाव निराळं, पण शाळेतली कुठलीही गोष्ट घडण्याआधीच तिला कळलेली असते म्हणून आम्ही तिला बातमीदार म्हणतो. तिचे वडील रणगाड्यावर असतात. ती म्हणाली, "तुझ्यात हिंमत असेल तर विचार." आता, गेल्या वर्षीपर्यंत मला हे कुणी म्हटलं नसतं. तेव्हा मी हजेरीला 'हजर' म्हणायलाही लाजायचे, शेजारची मुलगी माझ्या वतीनं ओरडायची. मग वक्तृत्व स्पर्धेत चुकून माझं नाव गेलं, चुकून बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून जे तोंड उघडलंय ते अजून मिटलेलं नाही, असं आई म्हणते.

तर मंगळवारी संध्याकाळी मी विचारलं.

बाबा तेव्हा भात वाढत होते. बाबा लष्कराच्या भटारखान्यात चारशे माणसांचा स्वयंपाक करतात, त्यामुळे त्यांना तिघांचा अंदाज येत नाही. 'चिमूटभर मीठ' ही कल्पनाच त्यांना पटत नाही, चिमूट कुणाची ते आधी ठरवा म्हणतात. म्हणून आमच्या घरी रांधते आई आणि वाढतात बाबा. भाताचा चमचा माझ्या ताटावर येऊन थांबला.

"चांगला प्रश्न आहे," बाबा म्हणाले. भात वाढला. जरा जास्तच वाढला. मग आईकडे वळून म्हणाले, "शनिवारचं मी नाही म्हणून कळवतो."

"अहो, असं काय करता?" आई म्हणाली.

"शनिवारी काय आहे?" मी विचारलं.

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी भातात मान घातली. "शनिवारी संचलन आहे. नोकरीच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदा आचाऱ्यांचीही रांग असणार आहे, पांढऱ्या कोटात, बाकीच्यांच्या बरोबरीनं. तुला सकाळी अचानक सांगून चकित करणार होते तुझे बाबा. झालीस चकित?"

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. "चारशे माणसांचं जेवण टाकून मी तिथं काय उभा राहू? तिथं खरी माणसं लागतात."

हे ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण ते 'जरा लोणी दे' म्हणावं तसं म्हणाले, आणि जेवण झाल्यावर एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवली. शुक्रवारी दुपारपर्यंत ती कचेरीत दिली की त्यांचं नाव रांगेतून कटणार होतं. माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सर्वांना माहीत होतंच. पण ती कुणाला इतकी लागू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

'माफ करा' म्हणून बघितलं. बाबा म्हणाले, "कशाबद्दल?" आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. यावर काय बोलणार? शब्दांनी केलेलं शब्दांनी निस्तरत नसेल तर हातांनी निस्तरावं असं मी ठरवलं. बाबांचा कोट असा करायचा की तो बघून त्यांना शनिवारी घरी बसवणारच नाही.

इथे आमच्या घरातल्या इस्त्रीविषयी दोन शब्द सांगणं आवश्यक आहे. आमच्या घरात इस्त्री नाही. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते आणि रोज दोनशे चादरींना इस्त्री करते. लग्नाच्या वेळी तिची एकच अट होती म्हणे, घरात इस्त्रीचं नाव काढायचं नाही. त्यामुळे आमचे सगळे कपडे रात्रभर गादीखाली असतात आणि सकाळी त्यांच्यावर आमच्या झोपेचा नकाशा उमटलेला असतो. बाबांचा नवा कोरा पांढरा कोटही आई-बाबांच्या गादीखालीच होता. बुधवारी शाळेतून आल्यावर मी तो काढला आणि समोरच्या दारातल्या सुभेदारकाकांकडे घेऊन गेले.

सुभेदारकाका निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण ते अजून दूध आणायलासुद्धा बूट चमकवून जातात. मी म्हटलं, "काका, खऱ्या सैनिकाच्या सदऱ्याला कशा घड्या असतात?"

काका ताडकन उठले. गेल्या दहा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "पाच! पुढे दोन, पाठीवर तीन. पुढच्या दोन खिशांच्या बरोबर मधून. पाठीवरची एक कण्यावरून, बाकी दोन तिच्यापासून चार-चार बोटं. पोरी, घडी चुकली की माणूस चुकला!"

मी कोट पसरला आणि आमचं घोडं तिथंच अडलं. आचाऱ्याच्या कोटाला खिसा एकच, डावीकडे. आणि गुंड्यांच्या रांगा दोन. उजवी घडी कुठल्या खिशाच्या मधून जाणार? काका पाच मिनिटं येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, "उजवीकडे खिसा आहे असं समजायचं." आणि त्यांनी खडूनं एक न असलेला खिसा आखला, इतका हुबेहूब की मला त्यात रुमाल ठेवावासा वाटला.

"आणि घडी टिकायला हवी असेल तर," त्यांनी आवाज खाली आणला, जणू शत्रू जिन्यातच उभा आहे, "आतल्या बाजूनं घडीवरून कोरडा साबण घासायचा. वरून इस्त्री. मग माणूस मोडतो, पण घडी मोडत नाही. हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही."

इस्त्री मागायला मी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्यांनी 'साबण' ऐकून नाक मुरडलं. "साबण म्हणे! पुरुषांना काय कळतंय? खळ लाव, घट्ट खळ. आमच्या ह्यांच्या कॉलरनं एकदा दाढी करताना कापलं होतं, अशी खळ लावायचे मी." दोन्ही वडीलधारी माणसं. एकाचं ऐकून दुसऱ्याचा अपमान करणं माझ्या स्वभावात बसत नाही. मी खळही लावली आणि साबणही. काकूंनी खळ इतकी दाट शिजवली होती की वाळल्यावर मी कोट खुर्चीवरून उचलला तेव्हा तो बसलेल्या माणसाच्या आकारातच उठला. त्याला मी दाराशी उभा केला, तो उभा राहिला. बाबांच्या आधी कोट संचलनाला तयार होता.

काकूंच्या इस्त्रीला बटणावर सहा आकडे आहेत, पण प्रत्यक्षात तिला दोनच अवस्था माहीत आहेत, एक थंड आणि दुसरी सूड. पुढच्या दोन घड्या झाल्या. पाठीवरच्या दोन झाल्या. प्रत्येक घडी अशी की तिच्यावर बोट फिरवताना विचार करावा. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. शेवटची, कण्यावरची घडी घालताना काकूंनी त्यांच्या जावयाची गोष्ट काढली. तो मुलगी बघायला आला तेव्हा पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून आला होता. "मग?" मी विचारलं. 'मग?' हा शब्द उच्चारायला एक सेकंद लागतो. त्याचं उत्तर ऐकायला चार लागतात. काकू बोलत गेल्या, मी ऐकत राहिले आणि इस्त्री जिथं होती तिथंच राहिली.

वास आधी आला. इस्त्री उचलली तर पाठीवर, बरोबर कंबरेच्या वर, एक तपकिरी होडी. टोक वर करून निघालेली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "तरी मी म्हणत होते, खळ कमी पडली."

माझी पाचावर धारण बसली. त्यातल्या त्यात एकच मार्ग दिसत होता, कोट बदलून घेणं. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी दप्तरासकट गणवेशाच्या भांडारात गेले. तिथं खिडकीमागे एक बाबू बसतात. मान वर करत नाहीत, फक्त भुवया वर करतात.

"नुकसानीचं कारण?" त्यांनी अर्ज पुढे ओढून विचारलं.

"इस्त्री."

"इस्त्री नाही यात." त्यांनी अर्ज माझ्याकडे फिरवला. छापील कारणं चारच होती. शत्रूची कारवाई, पूर, आग, उंदीर.

"आग लिहा," मी म्हणाले. "लहानशी होती."

"आगीला अग्निशमनाचा दाखला लागतो."

"मग उंदीर लिहा."

"उंदराला आरोग्य खात्याचा दाखला लागतो. आणि उंदीर कुरतडतो, भाजत नाही." त्यांनी होडीवर पेन्सिल टेकवली. "शिवाय कोट ज्याचा त्यानं स्वतः यायचं. आणि नवीन कोट वर्षातून एकदाच. हा कोट नवीनच आहे. म्हणजे पुढच्या वर्षी."

वक्तृत्व स्पर्धेतली विजेती त्या खिडकीशी रडायला लागली. मला लाज वाटते, पण लिहायचं तर खरं लिहावं. रडता रडता मी सगळंच सांगितलं. प्रश्न, चिठ्ठी, काकू, जावयाचे मोजे, सगळं.

बाबूंच्या भुवयांबरोबर आता मानही वर आली. "भटारखान्यातले? मिशीवाले? ते तुझे बाबा?"

मी मान हलवली.

बाबूंनी पेन्सिल खाली ठेवली. "माझी आई गेली तेव्हा मी नवीन होतो इथं. कुणाला ओळखत नव्हतो. रजा मिळायला दोन दिवस होते. खोलीत दार लावून बसलो. तिसऱ्या प्रहरी दार वाजलं. बघतो तर तुझे बाबा, हातात झाकलेली थाळी. चारशे थाळ्यांत एक उरली होती. ती कुणाची ते शोधत सगळ्या बराकी फिरून आले होते. बोलले काहीच नाहीत. मी जेवेपर्यंत दारात उभे राहिले."

मला वाटलं, आता हे उठतील आणि नवीन कोट काढून देतील. गोष्टीत तसंच झालं असतं.

"पण नियम तो नियम," बाबू म्हणाले आणि माझा अर्ज नीट घडी घालून मला परत दिला. "डागावर ओला रुमाल ठेवून बघ. आणि त्यांना म्हणावं, शनिवारी मी बघायला येतोय."

घरी जाताना मी रडत नव्हते. मला घरात आमच्या ताटात जरा जास्त भात वाढणारा माणूस माहीत होता. बराकी-बराकीतून थाळी घेऊन फिरणारा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. तो मला एका खिडकीतल्या बाबूंनी दाखवला.

आता आईला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शुक्रवारी ती कामावरून आली, चपला काढल्या, आणि मी कोट पुढे धरला. होडी वर ठेवूनच, म्हणजे शंकेला जागा नको. आईनं होडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घड्या एकेक करून मोजल्या.

"कुणाची इस्त्री?"

"वरच्या काकूंची."

"आण."

"आई, पण तू तर घरात इस्त्रीचं नाव…"

"आण म्हणते ना आगाऊ!"

दोनशे चादरी करून आलेली माझी आई स्वयंपाकाच्या ओट्यावर चादर पसरून दोनशे एकावी इस्त्री करायला उभी राहिली. तिनं डागावर ओला रुमाल ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. होडी तपकिरीची चहासारखी झाली, चहाची दुधासारखी होईना. तेवढी राहिली. मग दोन वाकड्या घड्या तिनं सरळ केल्या. मनगट जरा वळवायची आणि इस्त्री सुरीसारखी निघून जायची. मी आ वासून बघत होते. तिला हे इतकं सुंदर येतं हे मला माहीतच नव्हतं. माहीत असणार कसं, आम्ही गादीखालचे.

"घड्या फारच कडक आहेत गं. काय लावलंस?"

"खळ," मी म्हणाले. साबणाचं बोलले नाही. तिनं 'अजून काय?' असं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

संध्याकाळी बाबा आले. कोट दारामागे टांगला होता. त्यांनी एका बोटानं पुढची घडी वरपासून खालपर्यंत बघितली, जिथं खिसा नाही तिथली.

"ही सैनिकांच्या सदऱ्याची घडी आहे," ते म्हणाले. "आचाऱ्याच्या कोटाला नसते."

"आता असते," मी म्हणाले.

बाबांनी कोट उलटा केला. होडी बघितली. मिशी हलली. "ही कुठली तुकडी? नौदल?"

आई फिस्सकन हसली. मी म्हटलं, "बाबा, चिठ्ठी?"

बाबांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिला चार घड्या पडल्या होत्या, कडा मळल्या होत्या. "दुपारी द्यायची होती. कामाची गर्दी झाली," ते म्हणाले आणि चिठ्ठी चुलीवरच्या भांड्याखाली धरून पेटवली. एकवीस वर्षं चारशे माणसांना वेळेवर जेवायला घालणाऱ्या माणसाला एक चिठ्ठी द्यायला वेळ मिळाला नाही म्हणे!

शनिवारी मी अख्ख्या गटाला मैदानावर घेऊन गेले. "प्रश्न तुमचा होता ना? मग उत्तर बघायला तुम्हीच या," असं मी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं. दोराच्या अलीकडे आम्ही, सुभेदारकाका चमकत्या बुटांत, काकू, आई आणि मागे बाबूही. बँड वाजला. सगळ्या तुकड्या गेल्या आणि शेवटी अकरा आचारी आले, पांढरेशुभ्र, बाबा सर्वांत पुढे. त्यांच्या कोटाच्या घड्या लांबूनही दिसत होत्या. सुभेदारकाकांनी टाचा जुळवल्या.

आता एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. सुभेदारकाकांच्या तर नाहीच, कारण त्यांनी जन्मात कधी पातेल्यावर झाकण ठेवलं नव्हतं. सैनिक कोरड्या हवेत उभा राहतो. आचारी मात्र संचलनाच्या दिवशीही पहाटे चारपासून वाफेत उभा असतो, कारण संचलन संपल्यावर त्याच चारशे माणसांना भूक लागणार असते. बाबा कोट घालूनच पातेल्यांवर वाकले होते. खळ भिजली. साबण भिजला. आणि मग त्यांनी हात पुढे-मागे करत अर्धा मैल कूच केलं.

पहिला बुडबुडा डाव्या खिशावर आला. मग एकेक करून पुढच्या दोन्ही घड्या फुलल्या. पाठीवरच्या तीनही. बाबा रांगेत थांबेपर्यंत त्यांच्या अंगावर पाच पांढऱ्या दोऱ्या फेसाळत होत्या, आणि एक फेसाचा गोळा कॉलरवरून हनुवटीकडे निघाला होता.

"अगं, हे काय?" बातमीदार कुजबुजली.

आईनं माझा दंड धरला. "खळ का गं ही?"

मोठे साहेब रांग तपासत आले. एकेक आचारी बघत बाबांपाशी थांबले. मैदानावर इतकी शांतता की बुडबुडे फुटताना ऐकू यावेत.

"हे काय आहे?"

"साबण, साहेब!"

"कशासाठी?"

"घडी टिकावी म्हणून, साहेब!"

"कोणी लावला?"

"मुलीनं, साहेब!"

साहेब चालत बाबांच्या मागे गेले. होडीपाशी थांबले. "आणि हे?"

"हेही तिनंच, साहेब!"

फेस हनुवटीवरून मिशीत शिरला. मिशीतून नाकाकडे. आपण असतो तर शिंकलो असतो, पुसलं असतं, निदान डोळे मिचकावले असते. बाबा हलले नाहीत. चारशे माणसं बघत होती, माझ्या मैत्रिणी बघत होत्या, आणि ते समोर नजर लावून उभे होते.

"आचाऱ्याच्या कोटाला नियमानं घड्या किती?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही, साहेब!"

साहेबांनी पुन्हा एकदा पाची घड्या बघितल्या. "राहू द्या," ते म्हणाले. आणि त्यांनी बाबांशी हात मिळवला. साहेबांच्या हातालाही फेस लागला. तो त्यांनी पुसला नाही, तसाच पुढच्या आचाऱ्यापाशी गेले.

मागून कुणीतरी नाक शिंकरलं. बहुतेक बाबू. बातमीदार बराच वेळ गप्प होती, ही स्वतःच एक बातमी. मग म्हणाली, "माझ्या बाबांना नाकावर माशी बसली तरी सहन होत नाही गं."

संचलन संपल्यावर बाबा जेवण वाढायला धावले आणि बाकीच्या आचारीकाकांनी मला घेरलं. सगळे एकदम बोलत होते, एकजण तर आपला कोट काढूनच उभा. मी हो म्हणत गेले. एकाला हो, दुसऱ्याला हो. नाही कुणाला म्हणायचं?

दुपारी घरी बाबा अंगणात बादलीत कोट बुचकळत होते. सातवं पाणी झालं तरी फेस येतच होता. आई पायरीवर बसून हसत होती, हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. मी दाराशी जाऊन उभी राहिले, वक्तृत्व स्पर्धेत उभी राहते तशी, हात मागे बांधून.

"आई, बाबा, मी एक निर्णय घेतलाय. भटारखान्यातल्या उरलेल्या दहाही काकांच्या कोटांना पाच-पाच घड्या मी घालणार. साबणाशिवाय. इस्त्री नीट कशी करायची ते आई मला शिकवणार आणि बाबा, आपल्या घरात एक इस्त्री तुम्ही आणणार. नाही म्हणू नका, उपयोग नाही. कोट बाहेर जिन्यात आलेत."